एक दिवसाचे वेतन

वेळणेश्वरच्या माडबनातील शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना समुद्राचा कोप नवा नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने उत्तरेकडील दापोली, मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने शेजारचे चिपळूण बुडाले. अशा प्रसंगी शासकीय कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री सहाय्यता निधीस देण्याची प्रथा आहे. आहरण व संवितरण अधिकारी ती रक्कम वेतन देयकातूनच वजा करतो. रांग नाही, पावतीपुस्तक नाही.

मात्र या सोयीतच अडचण दडली आहे. ‘इच्छा नसेल त्यांनी लेखी कळवावे’ असे म्हटले की मौन हीच संमती ठरते. केरळात 2018 च्या महापुरानंतर महिन्याचे वेतन मागताना अशीच अट होती. उच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ती स्थगिती कायम ठेवली. नकार जाहीर करून कोणी मानहानी का पत्करावी, हा तेथील मुद्दा होता.

घरात आजारपण असलेल्या शिपायाचा एक दिवस आणि अधिकाऱ्याचा एक दिवस सारखा नव्हे. म्हणून संमतीपत्र आधी घ्यावे, देयक मागाहून करावे. गाव लहान आहे. सही कोणी केली नाही, ती यादी कपाटातच राहावी.