बेब झहारियस : खेळावर पोट भरणारी बाई

आज ज्या बाईविषयी मी बोलणार आहे ती गोल्फ खेळत असे. आता गोल्फ म्हटले की बोरी अरब, लाडखेड, दारव्हा या बाजूच्या माणसाला तो साहेब लोकांचा खेळ वाटतो, आणि त्याचे फारसे चुकतेही असे नाही. खेळ समजायला मात्र अगदी सोपा आहे. गोट्या खेळताना पोरे जमिनीत गल करतात ना, तसाच एक सव्वाचार इंच रुंदीचा खळगा हिरवळीत केलेला असतो. लिंबाएवढा कडक चेंडू काठीने मारत मारत त्या खळग्यात नेऊन टाकायचा. खळगा जवळ नसतो बरे. कधी दीडशे यार्डांवर, कधी पाचशे यार्डांवर. असे अठरा खळगे. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकला. एवढ्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते. आपल्या शिवारात इतका सलग तुकडा कोणाकडे निघालाच तर तो त्यात कपाशी आणि तूर पेरील, चेंडू कशाला मारील?

मग हा विषय आपल्यापुढे का मांडायचा? तर त्याचे कारण खेळ नाही, ती बाई आहे. गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना दरवर्षी एक प्रश्न भेटतो. खो-खोत, कबड्डीत, धावण्यात एखादी पोरगी अशी निघते की तालुक्यात तिला जोड नाही. नववी-दहावीपर्यंत ती ढाली-पेले आणते. मग घरची माणसे विचारतात, "गुरुजी, हे सगळं ठीक आहे, पण पुढं काय? खेळून का पोट भरतं?" हाच प्रश्न अमेरिकेत एका सुताराच्या मुलीपुढे उभा राहिला होता, आणि तिने त्याचे उत्तर देण्यात सारा जन्म घातला.

तिचे नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. सगळे तिला बेब म्हणत. जन्म २६ जून १९११, टेक्सास प्रांतातल्या पोर्ट आर्थर गावी. आईबाप नॉर्वे देशातून पोटासाठी तिकडे गेलेले. बाप जहाजावर काम केलेला सुतार, घरात सात मुले, त्यांत ही सहावी. पुढे कुटुंब जवळच्या बोमाँट गावात राहायला गेले. बापाने अंगणात व्यायामाचे सामान स्वतःच ठोकून-जोडून तयार केले होते. झाडूच्या दांड्याला आईच्या जुन्या लोखंडी इस्त्र्या अडकवायच्या की झाले वजन! गल्लीतल्या घरांपुढे झुडपांची कुंपणे होती. बेब रोज त्यांवरून उड्या मारीत पळायची. एका घरचे कुंपण जास्त उंच होते, ते तिने मालकाला विनवून छाटून घेतले. शाळेत असताना ती कामालाही जात असे. अंजिरे भरायची, पोती शिवायची. एका पोत्याला एक सेंट. बारदान्यावर सुतळी-दाभण चालवलेल्या माणसाला त्या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

१९३० साली डल्लास शहरातल्या एका विमा कंपनीने तिला नोकरी दिली. महिना पंच्याहत्तर डॉलर, काम टंकलेखनाचे. खरे काम होते कंपनीच्या बास्केटबॉल संघातून खेळण्याचे. आपल्याकडे रेल्वे आणि बँका खेळाडूंना नोकऱ्या देतात, त्याच जातीची ही गोष्ट. त्या पगारातला वाटा ती घरी पाठवीत असे.

मग आले १९३२ साल. जुलै महिन्यात शिकागोजवळ इव्हान्स्टन येथे देशातल्या मुलींच्या मैदानी स्पर्धा झाल्या. कंपनीने संघ पाठवला एका माणसाचा! सांघिक विजेतेपद होते, आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या मंडळात बावीस मुली होत्या. त्या बावीस जणींना मिळून बावीस गुण मिळाले आणि एकट्या बेबला तीस. एका दुपारी ती आठ प्रकारांत उतरली, त्यांतले पाच तिने जिंकले. उंच उडीचे विजेतेपद मात्र दुसऱ्या एका मुलीबरोबर वाटून घ्यावे लागले. महिन्याभरात लॉस एंजेलिसला ऑलिंपिक होते. तिथे बाईला तीनपेक्षा अधिक प्रकारांत उतरण्याची परवानगीच नव्हती. भालाफेकीत सुवर्णपदक, ऐंशी मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ११.७ सेकंदांचा जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. उंच उडीत तिने आणि जीन शायली या तिच्याच देशभगिनीने सारखीच उंची गाठली, पण बेबचे डोके अंगाच्या आधी काठीपलीकडे गेले, ती उडी नियमात बसत नाही, असे पंच म्हणाले. तिला रौप्य मिळाले.

वय एकवीस. देशभर नाव झाले. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

त्या काळी खेळाडूंच्या दोन जाती होत्या. एक हौशी आणि दुसरी धंदेवाईक. हौशी म्हणजे खेळाचा एक पैसाही न घेणारा. हौशीला मान, धंदेवाईकाला दार बंद. ऐकायला हे मोठे पवित्र वाटते. पण विचार करा, पैसा न घेता वर्षानुवर्षे कोण खेळू शकतो? ज्याच्या घरी आधीच आहे तो. सुताराच्या मुलीने काय करावे? १९३२ च्याच डिसेंबरात एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे नाव आणि छायाचित्र आले, आणि मैदानी खेळांच्या संघटनेने तिला हौशीपणातून बाद केले. आपल्या संमतीवाचून ते छापले असे तिचे म्हणणे होते. पुढे ती बंदी उठवली गेली खरी, पण तोवर बेबने ठरवले होते की आता उघडपणे पैसे मिळवायचे. अमेरिकेत त्या वेळी मोठी मंदी होती, घरी माणसे तिच्याकडे डोळे लावून बसलेली. ती रंगमंचावर माउथ ऑर्गन वाजवून आली, फिरत्या पट्ट्यावर धावून दाखवून आली, लांब दाढ्या राखणाऱ्या पुरुषांच्या बेसबॉल संघाबरोबर गावोगाव हिंडली. ऑलिंपिकची विजेती, आणि जवळजवळ तमासगिरांचे जिणे. तिला हसणारे तेव्हा पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या एका क्रीडालेखकाने लिहिले की असल्या बायकांनी घरी नटूनथटून बसावे आणि टेलिफोन वाजायची वाट पाहावी!

तेव्हा तिने गोल्फ धरला. बाईने एकटीने खेळावा आणि समाजाने फार नाक मुरडू नये असे जे दोन-तीन खेळ होते, त्यांतला हा एक. लोक म्हणतात, ती उपजतच खेळाडू होती. असेल. पण ही उपजत खेळाडू दिवसाला हजारापर्यंत चेंडू मारायची, तळहात फुटून रक्त आले की पट्ट्या बांधायची आणि पुन्हा मारायची. उपजत गुणांचे कौतुक करताना आपण या पट्ट्या विसरतो, असे मला नेहमी वाटते.

१९३५ साली तिने टेक्सासची बायकांची हौशी स्पर्धा जिंकली. तिथल्या क्लबातल्या एका श्रीमंत बाईंनी आधीच म्हटले होते की आमच्या स्पर्धेत ट्रक हाकणाऱ्यांच्या पोरी आम्हाला नकोत. अंतिम सामना नेमका त्यांच्याशीच झाला आणि बेबने तो जिंकला. पण जिंकणे वेगळे आणि पचवू देणे वेगळे. देशाच्या गोल्फ संघटनेने निकाल दिला : ही बाई दुसऱ्या खेळांत पैसे घेते, म्हणून गोल्फमध्येही ती धंदेवाईक. म्हणजे बायकांच्या जवळजवळ साऱ्या स्पर्धा बंद, कारण धंदेवाईक बायकांच्या स्पर्धा त्या काळी नावालाच होत्या. दार बंद करणारे आणि दाराबाहेर काहीच नाही हे ठाऊक असणारे, माणसे तीच.

तिने काय करावे? जानेवारी १९३८ मध्ये ती लॉस एंजेलिसला पुरुषांच्या स्पर्धेत उतरली! तिथे तिच्या जोडीला जॉर्ज झहारियस नावाचा धिप्पाड पहिलवान खेळायला आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. नवऱ्याची कमाई बरी होती, म्हणून तिला पुढची तीन वर्षे खेळाचा एकही डॉलर न घेता काढता आली आणि १९४३ साली तिला हौशी म्हणून परत घेण्यात आले. मग तिला कोण अडवणार? १९४६ साली अमेरिकेची हौशी स्पर्धा. १९४७ साली स्कॉटलंडमध्ये गलन येथे ब्रिटनची. ही ब्रिटिश स्पर्धा १८९३ पासून चालू होती, पण तोवर एकाही अमेरिकन बाईला ती जिंकता आली नव्हती. दरम्यान १९४५ साली लॉस एंजेलिसच्या पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या छत्तीस खळग्यांनंतरची चाळणीही ती पार करून गेली होती. सगळे मानमरातब पदरात पडल्यावर १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिने हौशीपण स्वतःहून सोडले.

एक सांगायला हवे. बेब काही गोड स्वभावाची नव्हती. स्पर्धेला आली की इतर मुलींना विचारायची, "दुसरी कोण येणार, ते सांगा." म्हणजे पहिली मी, हे ठरलेलेच! बरोबरीच्या खेळाडूंना तिचा राग येई आणि तो काही अगदीच विनाकारण नव्हता. पण ज्या जणी तिच्यावर चिडत, त्याच पुढे तिच्याबरोबर एका कामाला लागल्या.

ते काम १९५० साली झाले. तेरा बायकांनी मिळून धंदेवाईक स्त्री-गोल्फपटूंची संघटना काढली. पॅटी बर्ग पहिली अध्यक्ष. लुईस सग्ज, बेटी जेम्सन, मॅरिलिन स्मिथ, शर्ली स्पॉर्क आणि बेब अशा या तेरा जणी. एका स्पर्धेहून दुसरीला स्वतःच्या मोटारी हाकीत जायचे, मैदान स्वतः आखायचे, नियम स्वतः लिहायचे, हिशेब स्वतः ठेवायचा आणि मग त्याच मैदानावर एकमेकींना हरवायचे. आपल्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना यातले काही नवे वाटणार नाही. खेळाचे सामान करणाऱ्या कंपनीने व्यवस्थापकाचा खर्च उचलला, पण प्रेक्षक कुठून आणायचे? ते बेबने आणले. लोक तिला पाहायला येत, तिच्या थट्टा ऐकायला येत, आणि आल्यावर बाकीच्यांचा खेळही पाहत.

पैशाचे म्हणाल, तर १९५० साली बायकांत सर्वांत जास्त बक्षिसे बेबने मिळवली, १४,८०० डॉलर. पुरुषांत त्याच वर्षी सॅम स्नीड पहिला, त्याचे ३५,७५८. अडीच पटींचा फरक, तरी बाई खेळून स्वतःचे पोट भरू लागली होती. १९५४ साली अमेरिकेच्या बायकांच्या खुल्या स्पर्धेचे पहिले बक्षीस दोन हजार डॉलर होते. त्याच स्पर्धेच्या विजेतीला २०२४ साली चोवीस लाख डॉलर मिळाले. डॉलरची किंमत उतरली हे धरूनही फरक मोठा आहे. आपल्या देशातून या तेरा जणींच्या संघटनेच्या स्पर्धांत पहिल्यांदा पोहोचली ती कलकत्त्याची सिमी मेहरा, १९९७ साली. पुढे बंगळूरच्या अदिती अशोकने टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली चौथा क्रमांक मिळवला, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. काठ्यांची जड पिशवी उचलून चार दिवस तिच्याबरोबर चालत होती तिची आई.

आता शेवटचा भाग, आणि तो बायकांनी विशेष ऐकावा. एप्रिल १९५३ मध्ये बेबला कॅन्सर झाल्याचे कळले. आतड्याच्या शेवटच्या टोकाचा, शौचाच्या जागेजवळचा. शस्त्रक्रिया करून शौचाची वाट पोटावर काढावी लागली, त्यावर कायमची पिशवी. असला आजार बाई सांगेल कोणाला? आपल्याकडे नवऱ्यालाही सांगत नाहीत, दुखणे अंगावर काढतात आणि डॉक्टरकडे जातात तेव्हा उशीर झालेला असतो. अमेरिकेतही त्या काळी कॅन्सर हा शब्द कुजबुजूनच उच्चारला जाई. बेबने तो वर्तमानपत्रांना सांगितला, नाव घेऊन सांगितला. रोग पुढे पसरला आहे हे डॉक्टरांनी आणि नवऱ्याने तिच्यापासून लपवले होते, पण तिने लोकांपासून काही लपवले नाही. दवाखान्याच्या खोलीत तिने गोल्फच्या काठ्या डोळ्यांसमोर ठेवायला लावल्या होत्या. साडेतीन महिन्यांत ती स्पर्धेत उतरली. कॅन्सरग्रस्तांसाठी तिने पैसे गोळा केले, रुग्णांना भेटी दिल्या.

जुलै १९५४. मॅसॅच्युसेट्स प्रांतातले पीबडी गाव, तिथले सेलम क्लबाचे मैदान, अमेरिकेची बायकांची खुली स्पर्धा. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस खळगे खेळायचे होते. कपड्यांखाली ती पिशवी. हवा उन्हाळ्याची. बेब जिंकली, आणि दुसरीपेक्षा बारा फटक्यांनी पुढे राहून जिंकली. ही स्पर्धा तिने १९४८ आणि १९५० मध्येही जिंकली होती.

१९५५ साली रोग उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी टेक्सासमधल्या गॅल्वेस्टनच्या रुग्णालयात ती गेली. वय पंचेचाळीस. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची पत्रकारांशी ठरलेली भेट होती. त्यांनी राजकारणाचे बोलण्याआधी तिच्यासाठी दोन शब्द काढले.

तेरा जणींतली सर्वांत धाकटी मार्लीन बाउअर १९५० साली सोळा वर्षांची होती. नंतर कितीतरी वर्षे ती खेळत राहिली, खेळावरच जगली. एकेक करीत बाकीच्या बारा जणी गेल्या. मार्लीन २०२३ च्या मे महिन्यात गेली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी.