पू आहे, पण जंतू नाहीत

आमचं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारपेठेचं गाव. इथं कुणाच्या अंगाची आग झाली की पहिला आळ मिरचीवर येतो. माझ्या मामेभावाचं तसंच झालं. तो पोती उचलणारा हमाल, कोपरांवर-गुडघ्यांवर सोरायसिसचे जुने चट्टे. कुणीतरी गोळ्या दिल्या, चट्टे पार गेले. गोळ्या संपल्या तशा त्याने त्या सोडल्या. थोड्याच दिवसांत हुडहुडी भरून ताप आला, कातडी लालभडक झाली आणि तिच्यावर मोहरीएवढे पिवळे फोड उठले. शेजाऱ्यांनी उंबरठा टाळला. घरात त्याचं ताट-पेला वेगळा झाला.

त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिरचीला निर्दोष सोडलं. गोळ्या एकाएकी बंद झाल्याने आजार उसळला होता. याला पस्ट्युलर सोरायसिस म्हणतात. फॉन झुम्बुश यांनी १९१० साली त्याचं वर्णन केलं. फोडांतला पू म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यात जंतू नसतात, म्हणून तो कुणाला लागत नाही. ताट वेगळं करण्याची गरजच नव्हती! काही रोग्यांत दाहाला आवरणारा लगाम जन्मतःच ढिला असतो, हे २०११ मध्ये जनुकांवरून कळलं.

घशाचा संसर्ग, गरोदरपण, रक्तातलं कॅल्शियम घटणं, मनावरचा ताण, लिथियमसारखी औषधं यांनीही तो उसळतो. आमच्याकडे रमजानात काहीजण गोळ्यांना सुट्टी देतात. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे, स्टिरॉइडला मात्र अशी सुट्टी चालत नाही. ती डॉक्टरांच्या सांगण्याने पायरीपायरीने उतरवायची.

ताप आणि असे फोड एकत्र दिसले तर घरी लिंबाच्या पाल्याचे शेक घेत बसू नये. कातडीचं कुंपण मोडलं की अंगातलं पाणी आणि ऊब निघून जाते, जंतूंना वाट मिळते. जिवावर बेततं ते इथं. म्हणून भरती करून सलाइन, कॅल्शियम आणि मूत्रपिंडावर नजर ठेवतात, अंगाला साधं मलम लावतात. औषधांत अ‍ॅसिट्रेटिन, सायक्लोस्पोरिन. स्पेसोलिमॅब या खास इंजेक्शनला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. अ‍ॅसिट्रेटिन घेणाऱ्या बाईला औषध चालू असताना आणि थांबवल्यावर तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत; हे नवऱ्यालाही बसवून सांगावं.

मामेभाऊ आता खिशात गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी ठेवतो. दाढ काढायला गेला तरी आधी ती दाखवतो.