आधी गुडघ्यांना जागा द्या

व्हीलचेअरवरच्या माणसालाही मातीत हात घालता यावा, म्हणून घरोघरी उंच वाफे होऊ लागले तर मला फार आनंद होईल. पण गवंडी बोलावून विटांचा हौद बांधला, माती भरली, की झालं असं समजू नका. वाफ्याखाली गुडघे जायला हवेत!

जेवणाचं टेबल आठवा. त्याला खालून भिंत असती, तर आपण आडवं बसून, कंबर पिळत जेवलो असतो. दोन घासांत पाठ भरून आली असती. विटांच्या हौदाशी नेमकं तेच होतं. म्हणून पायांवर उभी पेटी करा. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर लाकडी फळ्या. आणि टेबलावर आमटीचं पातेलं हाताशी ठेवतो ना? तसा वाफाही हात पोचेल इतकाच रुंद हवा, फार तर दोन फूट.

माप अंदाजानं घेऊ नका. ज्यांचा वाफा, त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून मोजा. गुडघ्यांसाठी साधारण 27 इंच उंची मोकळी लागते. वर भरपूर माती घातली, तर काठ छातीशी येतो आणि खांदे भरून येतात. यावर उपाय म्हणजे पेटीचा तळ उतरता करायचा. गुडघ्यांवर सहा इंच माती, तिथं मेथी-कोथिंबीर. पलीकडे बारा इंच, तिथं मिरची-वांगी. पाण्यासाठी भोकंही पलीकडेच पाडा, म्हणजे मांडीवर ठिबकणार नाही.

पुन्हा सांगतो, गुडघे! मणक्याला इजा झालेल्या अनेकांच्या पायांना संवेदना नसते. तळातून स्क्रूचं टोक बाहेर आलं असेल, तर मांडी फाटली तरी कळत नाही, आणि अशी जखम चिघळली की महिनोन्महिने भरत नाही. पेटी तयार झाली की तळाखालून स्वतःचा हात फिरवून बघाच. पत्र्याचा तळ नको. तो उन्हात तापतो, आणि तो चटकाही त्यांना जाणवत नाही.

खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा, शेवाळ न धरणारी फरशी, गच्चीच्या स्लॅबवर येणारं ओल्या मातीचं वजन... हे सारं राहिलंच, वेळ संपत आली. निदान एवढं करा. सुताराला बोलावण्याआधी त्या माणसाला विचारा, "तुम्हाला काय लावायचंय?" आणि मग गुडघ्यांचं माप घ्या.