बटाटा जीवनावश्यक, मग पिकवणारा?
(संगमनेर येथील भाषण)



एकादशीला आपल्या घरात गहू चालत नाही, ज्वारी चालत नाही, बटाटा चालतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, पोर्तुगीजांच्या हातून आलेला. 'बटाटा' हे नावही त्यांचंच. आपण त्याला थेट उपवासाच्या ताटात बसवलं. भाजी पुरेनाशी झाली की घरची बाई दोन बटाटे चिरून टाकते आणि पाहुणा पोटभर जेवून उठतो. इतका कामाचा गडी मंत्रिमंडळातही सापडायचा नाही.

संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की पुढे मंचर. त्या आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर शेतकरी पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा घेतात. बियाणं पंजाबातून विकत आणायचं, एकराला आठ-दहा क्विंटल. म्हणजे पाऊस पडेल न पडेल, पैसा आधीच मातीत.

२०१४ च्या जुलैत केंद्र सरकारने कांद्याबरोबर बटाट्याच्या साठ्यावरही मर्यादा आणली. का? तर जीवनावश्यक वस्तू! कबूल. रोजचं अन्न जीवनावश्यकच आहे. पण सरकारला हे भाव चढल्यावरच आठवतं. २०२४ मध्ये पश्चिम बंगालने परराज्यात जाणाऱ्या बटाट्याच्या गाड्या अडवल्या. गाडी अडली की भाव पडतो तो आपला; संगमनेरच्या स्टँडवर वडापाव स्वस्त झालेला आम्ही कधी पाहिला नाही.

जिल्हा बैठकीत ठराव मांडू तो एवढाच: बटाट्याच्या साठ्यावर मर्यादा नको, वाहतुकीवर बंदी नको.