बाजारभावाचे साधन आणि त्याचे माहितीपत्रक
(शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसमोर केलेले भाषण)



बाजारभावाची माहिती आता संगणकावर सहज मिळते. केंद्र सरकारचे अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून आहे, ई-नाम १४ एप्रिल २०१६ पासून आहे. राज्य कृषी पणन मंडळही बाजार समित्यांमधील आवक व दर रोज प्रसिद्ध करते. काही गट ही माहिती एकत्र करून स्वतःचे छोटे साधन तयार करतात आणि ते एआय सहायकाला, म्हणजे आपला प्रश्न समजून घेऊन स्वतः आकडे शोधणाऱ्या संगणकीय मदतनिसाला जोडतात. अशा जोडणीसाठी अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक खुली पद्धत जाहीर केली. त्या पद्धतीतही साधन काय देते याचे वर्णन साध्या शब्दांत लिहावे लागते. हे वर्णन म्हणजेच साधनाचे माहितीपत्रक. आज त्याविषयीच बोलणार आहे.

माझ्याकडून झालेली चूक

एका गटाच्या साधनाचे माहितीपत्रक मी लिहिले होते. त्यात एवढेच लिहिले की, ‘सोयाबीनचे रोजचे दर’. २०२५ च्या दिवाळीत बाजार दोन दिवस बंद होता. नोंदीत त्या दिवशी शून्य पडले. उरलेले पाच दिवस दर ४,२०० रुपयांच्या आसपास होता. एका शेतकऱ्याने आठवड्याचा दर विचारला. सहायकाने सात दिवसांची सरासरी काढून ‘सुमारे ३,००० रुपये’ असे सांगितले. गावात आलेल्या व्यापाऱ्याचा ३,६०० चा भाव त्यांना चांगला वाटला व त्यांनी दहा क्विंटल माल दिला. बाजार उघडला तो ४,२०० लाच. वाहतूक व हमालीचे क्विंटलला दीडशे रुपये वजा केले तरी साडेचार हजारांचे नुकसान झाले. शून्य रुपयाने सोयाबीन विकत नाही हे आपणास सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र ते लिहून द्यावे लागते, आणि मी ते लिहिले नव्हते.

माहितीपत्रकात काय असावे?

१) परिमाण : अ‍ॅगमार्कनेटवरील दर रुपये प्रति क्विंटल असतात. परंतु पालेभाज्या शेकडा जुड्यांवर, हापूस डझनावर वा पेटीवर, तर काही बाजारांत कांदा दहा किलोवर बोलला जातो. कापूस क्विंटलवर, पण रुई खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोवर. शिकागोचा सोयाबीन वायदा सेंट प्रति बुशेल असतो आणि सोयाबीनचे बुशेल सुमारे २७.२ किलोचे. म्हणून नुसते ‘दर’ असे लिहू नये.

२) माल : तूर व तूरडाळ, कापूस व रुई, लाल कांदा व उन्हाळ कांदा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. बाजार समिती, वाण व प्रत स्वतंत्र लिहावी.

३) कोणता दर : किमान, कमाल की सर्वसाधारण हे स्पष्ट करावे. सर्वसाधारण दर म्हणजे किमान व कमाल यांची सरासरी नव्हे. ज्या दराने जास्तीत जास्त माल विकला गेला तो दर.

४) तारीख : सौद्याची तारीख द्यावी. आजचा दर आला नसेल तर शेवटचा दर त्याच्या तारखेसह सांगावा, अशी सूचना लिहावी.

५) रिकामी जागा : ‘बाजार बंद’, ‘आवक नाही’ आणि ‘नोंद आली नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही ठिकाणी शून्य लिहू नये.

६) मर्यादा : दरात वाहतूक, हमाली, तोलाई धरलेली नाही, आपल्या मालाची आर्द्रता साधनाला माहीत नाही, ते उद्याचा दर सांगत नाही. हे सर्व नोंदवावे.

नमुन्यादाखल मजकूर असा करता येईल : ‘हे साधन निवडलेल्या बाजार समितीतील सोयाबीनचा सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल, सौद्याच्या तारखेसह देते. सौदा न झालेल्या दिवशी दराची जागा रिकामी असते. ती शून्य धरू नये, सरासरीत घेऊ नये. पुढील दराचा अंदाज या साधनातून मिळत नाही.’

तपासणी कशी करावी?

माहितीपत्रक तयार झाल्यावर ज्यांची उत्तरे आपणास माहीत आहेत असे दहा प्रश्न सहायकाला विचारावेत. त्यात बाजार बंद असलेला एक दिवस व आवक न झालेला एक माल मुद्दाम घालावा. उत्तरे सभासदांच्या सौदापट्ट्यांशी ताडून पाहावीत. चूक आढळल्यास माहितीपत्रकात सुधारणा करावी व तीच तपासणी पुन्हा करावी. हे काम हंगामापूर्वी एकदा केलेच पाहिजे.

बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचल्याशिवाय आपण पेरणी करीत नाही. माहितीपत्रक ही साधनाची खूणचिठ्ठी आहे. तरीही माल वाहनात भरण्यापूर्वी बाजार समितीत एक फोन अवश्य करावा. विकायचे की थांबायचे, हा निर्णय आपलाच आहे.