धूर कुणाच्या दारात?

(वेळणेश्वर येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळी इकडे येताना किनाऱ्याच्या बाजूला एक ढीग जळताना दिसला. नारळाच्या झावळ्या, पालापाचोळा आणि त्यातच पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी टाकलेला कचरा असावा. पेटवणाऱ्याला मी दोष देत नाही. आपण कोकणातली माणसं, जाळणं आपल्या हाडात आहे. भाजावळ केल्याशिवाय आपल्या आजोबांनी भाताचा तरवा टाकला नाही. कवळ तोडायचा, वाळवायचा, पसरून पेटवायचा आणि त्याच राखेत बी पेरायचं. म्हणून आपल्या मनात पक्कं बसलंय की जाळलं म्हणजे वस्तू संपली, राख उरली, ती मातीला गेली.

कवळाच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. प्लास्टिकच्या बाबतीत नाही. वायरचं आवरण, पाइपचे तुकडे, निवडणुकीतले फ्लेक्स यांत क्लोरीन असतं. असा माल कमी-जास्त आचेवर जळला की डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषं तयार होतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, चरबीत साठतात. म्हणजे गवतावरून गाईच्या दुधात, गाळातून माशात, आणि अंगणात राखेच्या ढिगात चोच मारणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने या विषांना आळा घालायचं ठरवलं. भारताने तो करार २००६ मध्ये मान्य केला. त्या करारात कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांचा उल्लेख या विषांचा एक मोठा स्रोत म्हणून आहे.

आता हाच ढीग शहराएवढा करून बघा. शहरांना वाटतं, भट्टी बांधू, कचरा जाळू, वर वीजही मिळेल. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्राची अशी भट्टी उभी राहिली, रोज ३०० टन कचऱ्याची. ती जेमतेम २१ दिवस चालली. कारण अगदी घरगुती आहे. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ, उरलेला भात, माती. ओली लाकडं चुलीत घालून पाहिलेल्या कुठल्याही आजीला हे आधीच सांगता आलं असतं.

मग भट्टी पेटती ठेवायला काय लागतं? कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. म्हणजे नेमका तोच माल, ज्यावर भंगारवाला आणि कचरा वेचणारी बाई पोट भरते. देवनारला हे काम करणाऱ्यांत मोठी संख्या मुसलमान आणि दलित घरांतली आहे. भट्टी त्यांच्या फुफ्फुसात धूर घालते आणि वर त्यांच्या हातातला माल काढून घेते. शिवाय शंभर किलो जाळल्यावर वीस-पंचवीस किलो राख उरतेच, आपल्याकडे मातीमुळे जास्त. चिमणीच्या गाळण्यांत अडकलेली बारीक राख तर सर्वांत विषारी. ती पुन्हा कुठेतरी पुरावीच लागते.

आता गोवंडीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्यातल्या अनेकांचे मामा, चुलते कुर्ल्याला, गोवंडीला, मुंब्र्याला आहेत, आणि उद्या तुम्हीही नोकरीसाठी तिकडेच उतरणार आहात.

देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो. तिच्या कडेने ज्या वस्त्या उठल्या त्या शहरातून हटवलेल्या माणसांच्या. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात महापालिकेचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये तिथला ढिगारा पेटला, धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच परिसरात मुंबईच्या इस्पितळांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्पही होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. शस्त्रक्रियेतले अवयव, रक्ताने भिजलेला कापूस हे जाळावंच लागतं. २०१६ चे नियमही तेच सांगतात. पण त्याच नियमांत दुसऱ्या कक्षाचं तापमान सुमारे १०५० अंश हवं, वायू तिथे दोन सेकंद थांबला पाहिजे, चिमणी किमान ३० मीटर उंच हवी, असंही लिहिलंय. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की ही आग साधी नाही. मग ती इतक्या दाट वस्तीत का?

हाच प्रश्न घेऊन गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी मुंबई उच्च न्यायालयात गेली. मोठी संस्था नाही, वस्तीतल्या लोकांची. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत तिथून हलवायला सांगितलं. आपल्या व्हॉट्सॲप गटांत मुबारकबादीचे संदेश फिरले, आणि फिरायलाच हवे होते. ज्या वस्तीची बातमी फक्त गुन्ह्याच्या पानावर येते, तिने कागद जमवून, वकील उभा करून हे मिळवलं.

पण प्रकल्प हलवायचा कुठे? रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. खालापूर म्हणजे रिकामी जागा नाही. तिथे ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी याच तालुक्यातली. आपल्या फिक्हमध्ये एक जुना कायदा आहे. एकाचं नुकसान दूर करताना तेवढंच नुकसान दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. उस्मानी राज्यात १९व्या शतकात दिवाणी कायद्याचं ‘मजल्ला’ तयार झालं, त्यातही हा नियम सुरुवातीच्या कलमांत घेतलाय. आणि धुराचं म्हणाल तर १४व्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अर-रामी नावाचा गवंडीकामाचा जाणकार होता. तो काझींना सल्ला द्यायचा. हमामाच्या आणि भट्टीच्या धुराचा शेजाऱ्याला त्रास होतो, या तक्रारींवर त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. तो मालिकी, आपण कोकणी शाफई, बारकाव्यांत फरक असेल. पण शेजाऱ्याच्या घरात जाणारा धूर हा दीनचा विषय आहे की नाही, यावर वाद घालायची गरज उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गोवंडीचा निकाल ही अर्धी जीत आहे. उरलेली अर्धी मुंबईने करायची आहे. इस्पितळातच कचरा नीट वेगळा केला, जेवणाचे डबे आणि पुठ्ठे लाल-पिवळ्या पिशव्यांत कोंबले नाहीत, तर जाळायचा माल कितीतरी कमी होतो. ते न करता नुसती चिमणी हलवली, तर आपला धूर आपण कातकऱ्यांच्या अंगणात पाठवला. हे ऐकायला काहींना आवडत नाही, मला माहीत आहे. "आधी आपली पोरं वाचवू दे," असं मला तोंडावर सांगणारे भेटलेत. त्यांचा राग मी समजू शकतो. पण उद्या खालापूरची माणसं विरोधाला उभी राहिली तर गोवंडीने त्यांच्या बाजूला बसायला हवं.

गुहागर तालुक्याला हे नव्याने सांगायची गरज नसावी. एन्रॉनच्या वेळी हाच हिशोब होता, वीज दूरच्या शहरांना, बाकी सगळं इथल्या माणसाला. ३ जून १९९७ ला पोलिसांनी वेलदूरच्या कोळीवाड्यात घुसून बायकांना मारलं. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात ते नोंदवलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही नव्हता. घरी मोठ्यांना विचारा, पुष्कळ ऐकायला मिळेल.

आणि आपल्या किनाऱ्यावर दुसरी वाटही आहे. वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घराघरांतून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्याचा बायोगॅस, सुक्या पाल्याच्या कांडी-विटा, प्लास्टिक दळून डांबरी रस्त्यात. जुनी कचराभूमी आता लोक बघायला जातात. एवढं छोटं गाव करू शकलं, त्याला अब्जावधींची भट्टी लागली नाही. लागला तो रोज सकाळी दारात जाऊन "ताई, हे वेगळं द्या" म्हणायचा चिकटपणा.

वेळणेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा भरते, सुट्टीत किनारा भरतो. कचरा कुणी हिंदू-मुसलमान बघून टाकत नाही. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागायच्या आहेत. किनाऱ्यावर प्लास्टिक पेटवायचं नाही असा ठराव. खाणावळी आणि लॉजवाल्यांकडून सुका कचरा वेगळा. तो घ्यायला तालुक्यातला भंगारवाला ठरलेल्या वारी येईल, अशी सोय. अर्जाचा कच्चा मसुदा माझ्या पिशवीत आहे. चहा झाला की मागच्या खोलीत बसू. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी पेन घेऊन या.