न व्यालेल्या कुत्रीचा पान्हा



पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. झाडे फळांनी लवली की रात्री मालकाचा अर्धा जीव बागेत असतो. अशा वेळी झोपडीशी बसलेल्या कुत्रीचा आधार मोठा वाटतो. तिच्या एका चमत्कारिक अवस्थेविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कुत्री माजावर येऊन गेल्याला दीड-दोन महिने झालेले असतात. नराशी तिचा संबंध आलेला नसतो. तरीही तिचे पोट किंचित सुटते, स्तन भरतात आणि दूध येऊ लागते. ती कोपऱ्यातील माती उकरून जागा करते. एखादी जुनी वहाण किंवा चिंधीची बाहुली तेथे नेऊन तिला चाटते, कुशीत घेते. अन्नावरची वासना उडते आणि जवळ जाणाऱ्यावर ती गुरगुरते. घरात कोणी म्हणतो बाधा झाली, कोणी म्हणतो पिसाळली. या दुसऱ्या तर्कामुळे त्या मुक्या जिवाच्या प्राणावरही बेतू शकते.

वस्तुतः ही खोटी गर्भावस्था होय. गाय गाभण राहिली नाही तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते, हे शेतकऱ्याला ठाऊकच आहे. कुत्रीचे तसे नाही. गर्भ राहो वा न राहो, तिच्या बीजकोशातून गर्भपोषक प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने पाझरत राहते. आणि तिचा गर्भकाळही सुमारे ६३ दिवसांचाच आहे. हे द्रव्य ओसरू लागले की दूध आणणारे प्रोलॅक्टिन वाढते. पिल्ले नसली तरी शरीर आपला क्रम सोडीत नाही. यात तिचे ढोंग नाही आणि वेडही नाही.

मग करावे काय? प्रथम ती खरोखरच गाभण नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्रीच्या बाबतीत आपला अंदाज फसतो. पशुवैद्याची तपासणी, आणि सोय असल्यास सोनोग्राफी, हाच खरा पुरावा. गर्भ नसेल तर बहुतेक कुत्र्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतात.

तोवर दूध मात्र पिळू नये. स्तन चोळू नयेत की शेकू नयेत. तिला स्वतःलाही ते फार चाटू देऊ नये. जितके दूध काढावे तितके ते अधिक येते, हा नियम गोठ्यातलाच आहे. पाणी तोडू नये. कवटाळलेली वस्तू तिच्यादेखत हिसकावू नये. ती फिरावयास गेली असता हळूच दूर करावी. फिरणे वाढवावे, तिचे मन रमवावे. फळे तोडावयास परकी माणसे येणार असतील तर तिला वेगळे बांधावे, मुलांना दूर ठेवावे. इतके करूनही चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

काही लक्षणे मात्र थांबू देणारी नाहीत. स्तन लाल, गरम व दुखरा होऊन ताप येणे. तहान फार वाढणे, वांत्या होणे, योनीतून पू येणे. गर्भाशयात पू होण्याचा घातक आजार नेमका याच काळात गाठतो. तोंडातून लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, पाय लुळे पडत असतील, तर तिच्याजवळ न जाता पशुवैद्यास कळवावे. तेथे पिसाळण्याची शंका खरी असू शकते. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

प्रोलॅक्टिन दाबणारे कॅबरगोलिन नावाचे औषध आहे. परंतु गाभण कुत्रीला ते दिल्यास गर्भपात होतो. म्हणून पशुवैद्याच्या आज्ञेवाचून ते देऊ नये. एकदा विऊ दिली की ही खोड जाते, ही समजूत निराधार आहे. पुढच्या माजानंतर हाच प्रकार पुन्हा होऊ शकतो. कायमचा उपाय म्हणजे बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया. तीही दूध असताना करू नये, नाहीतर हीच अवस्था लांबते. सर्व शांत झाल्यावर, माजापासून तीन-चार महिन्यांनी, ती करावी.

रानातील लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच मादी विते. इतर माद्यांना दूध आले तर तिच्या पिल्लांना त्याचा उपयोग होत असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो खरा असेल तर आपल्या राखणदारिणीच्या अंगी आलेला हा पान्हा म्हणजे कळपाच्या जुन्या ऋणाचा अवशेषच म्हणावयाचा. त्याला काठीने उत्तर देणे माणसाला शोभत नाही. तीन आठवड्यांची सबुरी आणि वेळेवर वैद्य, एवढे तिला दिले तरी पुरे.